बाहेर पडायचं बटण

ताई, सप्रेम नमस्कार.

ह्यांची बदली झाली म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही लातूरहून चिंचवडला आलो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला आहे. लातूरला त्याचा एक जिवाभावाचा मित्र होता. दोघं सायकलवर शाळेत जायचे, एकमेकांच्या घरी जेवायचे. इथे कुणी आमच्याकडे येत नाही, हा कुणाकडे जात नाही. कॉलेज, क्लास, आणि मग रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइलवर जपानी कार्टून. गेम फारसा खेळत नाही, नुसतं बघतो. एकदा मागे उभी राहून पाहिलं. हेल्मेट घालून गेममध्ये शिरलेली माणसं, बाहेर यायला वाट नाही, आणि हेल्मेट काढलं तर ते मेंदू जाळतं म्हणे! मी म्हटलं, "असलं काय बघतोस रे?" तर म्हणाला, "आई, तसं आत जाऊन परत यायचंच नसतं, तर किती बरं झालं असतं." तेव्हापासून मला झोप नाही. हे म्हणतात, मोबाइल काढून घे. मुलगा वाढदिवसाला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग बघायचं यंत्र, मागतोय. असलं यंत्र खरंच असतं का? ही कार्टूनं मुलांच्या डोक्यात काय भरवतात? बंद करू का?
— एक आई, चिंचवड

*

तुमचं पत्र एका दमात वाचलं आणि मग परत वाचलं. हेडसेट, कार्टून, मोबाइल यांचं मागाहून बोलू. आधी त्याच्या त्या वाक्याचं.

आजच, उद्यावर न ढकलता, त्याला एकटं गाठा आणि सरळ विचारा. "तू त्या दिवशी जे म्हणालास ते माझ्या मनातून जात नाही. तुला जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?" असं विचारल्यामुळे नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती बाळगू नका. तसं होत नाही. उलट कुणी थेट विचारलं की आतलं बोलायला वाट मिळते. विचारताना तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. पण ओरडू नका, शपथा घालू नका, आणि "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो" हे तर नकोच. तो "हो" म्हणाला, किंवा काहीच न बोलता मान खाली घालून बसला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर रात्रंदिवस चालू असते. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्याच्याशी कसं बोलावं हे विचारायला तुम्ही स्वतःसुद्धा तिथे फोन करू शकता.

हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नका, असं म्हणणार होते. पण तुम्ही आई आहात, वाचालच. तर सांगते. ते वाक्य मी जसं ऐकते, त्यात मला मरणापेक्षा वेगळं काहीतरी ऐकू येतं. ते कळायचं तर तो काय बघतो ते कळायला हवं. माझ्या भाचीबरोबर बसून मी यातल्या बऱ्याच मालिका पाहिल्या आहेत, काही दोनदा. आणि हो, त्याच्यासमोर 'कार्टून' म्हणू नका, 'अ‍ॅनिमे' म्हणा. दार किलकिलं व्हायला एवढंही पुरतं कधीकधी.

तुम्ही पाहिलंत ते 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' असणार. रेकी कावाहारा या लेखकाची ती मूळ कादंबरी. आधी त्याने ती इंटरनेटवर लिहिली, 2009 मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि 2012 मध्ये तिचं अ‍ॅनिमे झालं. तेव्हा दूर वाटणारं 2022 साल त्याने गोष्टीसाठी घेतलं. 10 हजार माणसं पहिल्याच दिवशी नव्या गेममध्ये शिरतात. यंत्र थेट मेंदूशी जोडलेलं, त्यामुळे वारा अंगाला लागतो, भूक लागते. क्लाइन नावाचा एक जण, साडेपाचला पिझ्झा येणार आहे म्हणून खेळ थांबवायला जातो, तर बाहेर पडायचं बटणच जागेवर नसतं. मग गेम बनवणारा कायाबा सगळ्यांना एका चौकात गोळा करून सांगतो की 100 मजल्यांचा हा तरंगता किल्ला सर होईपर्यंत कुणाची सुटका नाही, आणि आत मेला तो बाहेरही मेला. वर प्रत्येकाला एक आरसा देतो. त्यात बघताच सगळ्यांनी निवडलेली देखणी रूपं गळून पडतात आणि प्रत्येक जण आपल्या खऱ्या चेहऱ्याने उभा राहतो.

तुमच्या नजरेला पडलं ते एवढंच. आणि एवढंच पाहिलं तर कुणीही आई घाबरेल. पण पुढे जे दोन वर्षांचं जगणं दाखवलंय, त्यात तलवारबाजीइतकीच संसाराची जागा आहे. कुणी लोहाराचं दुकान काढतं. पहिल्या मजल्यावर एक तरुणी अनाथासारख्या सापडलेल्या लहान मुलांना एका चर्चमध्ये गोळा करते आणि सांभाळते, कारण लढायचं बळ सगळ्यांत नसतं आणि घाबरलेल्या मुलांकडे कुणीतरी बघायला हवं. नायक किरितो आणि नायिका असुना 22व्या मजल्यावर, तळ्याकाठच्या रानात लाकडी घर घेतात. शेजारी निशिदा नावाचे वयस्क गृहस्थ गळ टाकून बसलेले असतात. बाहेरच्या जगात ते नोकरदार, आत फक्त मासे पकडतात. हे भाग मला सगळ्यांत आवडतात. या दोघांना तिथे कायमचं राहता आलं असतं. पण असुनाच म्हणते की आपल्याला परत जायचंय, आपली शरीरं तिकडे वाट बघताहेत.

शरीराचं ही मालिका विसरत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ही माणसं दोन वर्षं हॉस्पिटलच्या खाटांवर पडून आहेत, हाताला सलाइन. 75व्या मजल्यावर खेळ संपतो, किरितोला जाग येते, तेव्हा तो हाडांचा सापळा झालेला असतो, केस खांद्यापर्यंत वाढलेले. सलाइनचा स्टँड धरून तो कॉरिडॉरमधून पाय ओढत निघतो, असुनाला शोधायला. जवळपास 4 हजार जण तर परत येतच नाहीत. 'आत गेलं की सगळं छान' असं ही गोष्ट म्हणत नाही. मुलाला हेच दृश्य दाखवायला सांगा आणि त्याला काय वाटतं ते विचारा.

तिच्यातलं जे मला पटत नाही तेही सांगायला हवं. किल्ल्यातून सुटका झाल्यानंतरचं पऱ्यांच्या गेमचं प्रकरण मला सहन होत नाही. इतका वेळ तलवार चालवणारी असुना तिथे पिंजऱ्यात कोंडलेली, आणि एक नीच माणूस तिच्यावर बळजबरी करू बघतो. कॅमेरा ते नको इतकं दाखवतो. सोळा वर्षांच्या मुलाने ते पाहिलं असेल तर "मला हे किळसवाणं वाटलं, तुला?" एवढं तरी त्याच्याशी बोला. दुसरं म्हणजे एकट्या शूराचं कौतुक. किरितो काळ्या कोटात एकटा हिंडतो, आणि एकटं असणं हीच मोठी गोष्ट आहे असं नव्या गावात एकट्या पडलेल्या मुलाला वाटू शकतं. खरं तर तो एकटा का, हे मालिकेतच आहे. सुरुवातीला एका छोट्या टोळीत तो आपली खरी ताकद लपवून राहतो, त्या लपवाछपवीच्या काळात टोळी सापळ्यात सापडते, आणि साची नावाची भित्री, गोड मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत मरते. तिने आधीच जपून ठेवलेला निरोप त्याला ख्रिसमसच्या रात्री मिळतो. त्याचं एकटेपण हा अपराधाचा भार आहे. माझी भाची ते बघून हमसून रडली होती. तुमच्या मुलालाही ते उमगलं असेल, त्याला विचारून तरी बघा.

आता दुसरी मालिका, आणि ही तुम्ही स्वतः बघावी अशी माझी फार इच्छा आहे. 'लॉग होरायझन', मामारे तोउनो या लेखकाची, 2013 पासून जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या शैक्षणिक चॅनेलवर लागली. इथेही लोक गेममध्ये अडकतात, एकट्या जपानचेच 30 हजार. पण इथे मेलं तरी माणूस चर्चमध्ये पुन्हा जिवंत होतो. म्हणजे भीती तरी नाही. मग लोक सुखात असायला हवेत ना? नसतात. कारण जेवणाला चव नाही. पडद्यावर बोट ठेवलं की ताटात मेजवानी हजर, दिसायला झकास, पण काहीही खा, चव तीच, अळणी आणि सादळलेली. दिवसांमागून दिवस तसं खाऊन माणसं खचतात, एकमेकांना लुटायला लागतात, कमजोर पोरांना राबवून घेतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की स्वयंपाकाचं कौशल्य असलेल्याने पडद्यावरचं बटण न दाबता स्वतः चिरलं, भाजलं, ढवळलं, तर त्या घासाला चव येते! पहिला घास खाणाऱ्यांचे डोळे भरून येतात. त्यातून बर्गरचं दुकान निघतं, त्या पैशातून पुढे शिरोए नावाचा चष्मेवाला विद्यार्थी सगळ्या टोळ्यांना एका टेबलावर बसवतो आणि शहराचा कारभार उभा राहतो. पंचायत राजचा धडाच म्हणा ना. एक किंमत मात्र तिथेही मोजावी लागते. दर मरणागणिक खऱ्या जगातली थोडी आठवण पुसली जाते. आपल्या घराचा रस्ता, एखादं नाव.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. या मालिका मुलांच्या डोक्यात काय भरवतात? तर कुणीतरी आपली वाट बघणं, आपल्यावाचून कुणाचं तरी अडणं, आपल्याला नेमकं काम असणं, हे सगळं त्या भरभरून दाखवतात. लातूरला तुमच्या मुलाकडे ते होतं. सायकलची घंटा वाजली की दुसरा खाली उतरायचा. चिंचवडला दहा महिने झाले तरी अजून कुणी घंटा वाजवलेली नाही. "परत यायचंच नसतं तर" असं तो म्हणाला तेव्हा, माझा अंदाज असा की, ज्या जागी आपण कुणाला तरी हवे आहोत तिथून उठायला नको, असं त्याला म्हणायचं होतं. अंदाजच आहे. खात्री तोच देईल, आणि म्हणून पहिला प्रश्न थेट विचारायचा.

या विषयातल्या सुरुवातीच्या मालिकांपैकी एक आहे 'डॉट हॅक साइन', 2002 ची. तिच्यात मारामारी थोडी, बोलणं फार. माझ्या भाचीला ती कंटाळवाणी वाटते, मला नाही. त्सुकासा नावाचा मुलगा गेममध्ये जागा होतो आणि त्याला बाहेर पडता येत नाही. सुरुवातीला तो बाहेर पडायलाही तयार नसतो, कुणी जवळ आलं की तोडून बोलतो. हळूहळू कळतं की बाहेर तो मुलगा नसून एक मुलगी आहे, हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध, आणि घरी बाप तिला मारहाण करत असे. म्हणजे परतायचं कशासाठी, हा प्रश्न तिचा खरा होता. तिला बाहेर काढणारी माणसं कोण? गेममध्येच भेटलेली. एक चिडखोर पण प्रेमळ मुलगी, एक मध्यमवयीन पुरुष जो पुढे तिचा पालक व्हायला तयार होतो, आणि सुबारू, जी बाहेर व्हीलचेअरवर असते. शेवटी स्टेशनवर त्या दोघी पहिल्यांदा खऱ्या रूपात एकमेकींसमोर येतात. संवाद जवळपास नाहीच. मी त्या प्रसंगाला प्रत्येक वेळी रडते. तुमच्या घरात मारझोड आहे असं मी मुळीच सुचवत नाही. पण मूल आत का राहू बघतं, याचं कारण बहुतेक वेळा बाहेर असतं, हे इतक्या हळुवारपणे सांगणारं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

सगळंच इतकं जड नसतं. 'बोफुरी' नावाची 2020 ची मालिका आहे, तिच्यात शाळकरी मुलगी संध्याकाळी गेम खेळते, मजा करते, बाहेर येते, अभ्यासाला बसते. त्याला हलकं काही सुचवायचं तर ती.

यंत्राचं. नाही, असं यंत्र नाही. गोष्टीतलं 2022 साल येऊन गेलं, तसं काही बनलं नाही. आज मिळणाऱ्या हेडसेटमध्ये डोळ्यांसमोर छोटे पडदे आणि भिंगं असतात, कानाशी आवाज, डोकं फिरवाल तसं दृश्य फिरतं, हातात कंट्रोलर. मेंदूला जोडलेलं काही नाही. वास येत नाही, चव नाही, आणि हवं तेव्हा डोक्यावरून काढता येतो. डोळ्यांना वाटतं आपण चालतोय, शरीर जागच्या जागी, म्हणून पुष्कळांना मळमळतं. त्याने धोका नाही. तरी वाढदिवसाला घेऊ नका असंच मी म्हणेन, कारण आत्ता त्याला एकट्याने डोक्यात घालायच्या वस्तूची गरज नाही. त्याऐवजी मॉलमधल्या गेम झोनमध्ये त्याला न्या आणि एक हेडसेट तुम्हीही घाला. तुम्हाला मळमळलं तर त्याला हसू येईल, आणि ते हसू तुम्हाला दहा महिन्यांत ऐकायला मिळालं नसेल.

आणि मोबाइल काढून घेणं? सोर्ड आर्टच्या पहिल्या दिवशी कायाबा जाहीर करतो की 213 खेळाडू आधीच मेले, कारण सूचना देऊनही त्यांच्या घरच्यांनी ते हेल्मेट ओढून काढायचा प्रयत्न केला. प्रेमापोटीच ना? मुलाच्या बाबांना हा प्रसंग सांगा. झोपेचं मात्र बघायलाच हवं, दीड-दोनची जागरणं सोळाव्या वर्षी मन आणखी खाली खेचतात. रात्री साडेअकराला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचा आणि तुमचासुद्धा. हा नियम एकट्या त्याच्यासाठी केला तर ती शिक्षा होईल. व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' 2022 पासून आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वर जाणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, असं साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. तुमचा मुलगा कॉलेजला जातो, क्लासला जातो, गेम फारसा खेळतही नाही. हा शिक्का त्याच्यावर मारू नका.

सोर्ड आर्टच्या दुसऱ्या पर्वाच्या, म्हणजे 2014 च्या, अखेरीला एक आई आहे, असुनाची. प्राध्यापक, कडक. त्या यंत्राने आपल्या लेकीची दोन वर्षं खाल्ली म्हणून तिचा त्याच्यावर राग आहे, आणि तो रास्त आहे. ती लेकीची शाळा बदलायला निघालेली असते. त्याच काळात असुनाला गेममध्ये युउकी भेटते, जन्माच्या वेळी दूषित रक्तामुळे एचआयव्ही झालेली मुलगी. वर्षानुवर्षं ती हॉस्पिटलच्या खोलीत एका यंत्रात पडून आहे. शाळा बघायची तिची इच्छा असुना पुरवते, आपल्या खांद्यावर एक छोटा कॅमेरा बसवून तिला वर्गात घेऊन जाते. युउकी तिला शिकवते की काही गोष्टी समोरासमोर भिडल्याशिवाय पोचत नाहीत. मग असुना आईला विनवते, एकदा, थोडा वेळ, माझ्याबरोबर आत ये. आई कुरकुरत येते. लेक तिला त्या लाकडी घरात नेते आणि खिडकी उघडते. बाहेर बर्फात उभी देवदाराची झाडं. मियागी प्रांतातल्या आजी-आजोबांच्या घराच्या खिडकीतून असंच दिसायचं, आईच्या माहेरी. ज्या खेडवळ माहेराची तिला कधीकाळी लाज वाटली, आणि जिथे आईवडील 'दमलीस की कधीही परत ये' म्हणत थांबले होते. आईच्या गालांवरून पाणी ओघळतं. ती म्हणते, मी रडत नाहीये. लेक सांगते, या जगात अश्रू लपवता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी आई शाळेचा हट्ट सोडते, मार्कांची अट घालून का होईना. आई ती, अट घालणारच.

या रविवारी दुपारी जेवणं झाली की त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "मला दाखव. तुला सगळ्यात आवडलेला भाग लाव." इंग्रजी सबटायटल भरभर जातात, तोच तुम्हाला मराठीत सांगत जाईल. मध्येच सूचना देऊ नका, फोन बघू नका, 'यातून अभ्यासाला काय उपयोग' हे अजिबात नको. नावं चुकतील, तो दुरुस्त करेल. दुरुस्त करू द्या. बाबांनाही बसवा, पेंगले तरी चालेल.

आणि तो लातूरचा मित्र. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल दोनच वाक्यं आहेत, पण माझं लक्ष तिथून हललं नाही. त्याच्या आईचा नंबर तुमच्याकडे असेलच. आज फोन करा. पुढच्या सुट्टीत मुलाला लातूरच्या गाडीत बसवून द्या, चार-पाच दिवसांसाठी, एकट्याला. डबा तेवढा बरोबर द्या, दोघांना पुरेल एवढा. मित्र स्टेशनवर घ्यायला येईल. सायकलवरच येईल बहुतेक.